पाचवा नंबर मागणारा माणूस

त्या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. पुढे कुठे माझी भाषा मऊ झालेली दिसली तर ती लिहिण्यातली चूक समजावी.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. आम्ही म्हणजे तोक्योच्या कोतो भागातल्या त्या ऑफिसमधले पाच मराठी इंजिनियर, सगळे एकेका वर्षाच्या करारावरचे, दर मार्चमध्ये नव्याने सही करणारे. काका पन्नाशी उलटलेले, डोंबिवलीचे. आमचं ऐकून जपानी लोकही त्यांना आदराने काका-सान म्हणू लागले. त्यांना ते आडनावच वाटायचं. काकांनी कधी दुरुस्ती केली नाही. "कशाला उगाच त्यांना अवघडवायचं," म्हणायचे. हे वाक्य म्हणजे या माणसाचा कणा होता. तो गरज पडली की वाकायचा, आणि गरज नसली तर त्याच्याही आधी वाकायचा.

त्यांच्या खुर्चीचं सांगते. सकाळी साडेनऊला काका टेबलामागे छातीपर्यंत दिसायचे. खुर्चीचा दांडा बिघडलेला होता, ती आपोआप खाली जायची. अकराला हनुवटी उरायची, बाराला नुसता चष्मा. मग काका उठायचे, खटका ओढून खुर्ची वर करायचे आणि पुन्हा बुडायला बसायचे. तीन वर्षं हे चाललं होतं. मी रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात अ‍ॅडमिनच्या बाईंना दोन ओळींचा ईमेल टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी खुर्ची हजर, प्लास्टिकसकट. काका तिच्याकडे असे बघत उभे राहिले, जसं काही कुणी त्यांच्या नावावर चोरी केली आहे. दुपारपर्यंत ती खुर्ची त्यांनी नव्याने लागलेल्या एका जपानी मुलीला देऊन टाकली आणि स्वतः परत आपल्या विहिरीत उतरले.

"अगं पत्रकबाई, तू मागितलीस म्हणून त्यांना द्यावी लागली."

"काका, मागितलं की देतात. मागणं त्यासाठीच असतं."

"हो, पण आता पुढच्या वेळी खरंच काही लागलं तर? एक मागणी वाया गेली ना."

पत्रकबाई हे त्यांनी मला दिलेलं नाव. पुण्यात कॉलेजात असताना फीवाढ, हॉस्टेलचं पाणी, मेसची डाळ अशा विषयांवर मी इतकी पत्रकं लिहिली होती की माझं मराठी 'निषेध' या शब्दापासूनच सुरू व्हायचं. इथे आल्यावर परदेशी कामगारांच्या एका छोट्या संघटनेसाठी मी मराठी आणि हिंदी पत्रकं लिहायला लागले. काका ती वाचायचे, शुद्धलेखन तपासून द्यायचे आणि 'मागणी' या शब्दाखाली पेन्सिलने 'विनंती?' असं लिहायचे. प्रश्नचिन्हासह. नुसतं 'विनंती' लिहिलं तर मला अवघड वाटेल म्हणून.

तर हे काका एका बेसबॉल संघाचे भक्त होते. संघाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तरी मालकांना लाज वाटणार नाही आणि चाहत्यांना तर सवयच आहे. लीगमध्ये सहा संघ, आमचा सहावा. कधीतरी चुकून पाचवा. चांगला खेळाडू तयार झाला की तो दोन वर्षांत श्रीमंत संघाकडे जायचा, आणि आमचे चाहते त्याला निरोप द्यायला फुलं घेऊन जायचे. मी एकदा विचारलं, की अहो, तो पळून चाललाय, त्याला फुलं कसली? काका म्हणाले, "आपल्याकडे होता ना इतके दिवस. तो काय कमी चांगला होता, आपल्याकडे राहायला?" या वाक्याचा अर्थ लावायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला.

हे सगळं भूकंपापासून सुरू झालं, असं ते स्वतः सांगायचे. दोन हजार अकराच्या त्या मार्चमध्ये काकू आणि मुलगी चार दिवसांत डोंबिवलीला निघून गेल्या. काका तोक्योला लागून असलेल्या उरायासुला राहायचे. भरावाच्या जमिनीवरचं दोन मजली लाकडी घर, वर यांच्या दोन खोल्या. खालची जमीन चिखलासारखी झाली आणि घर एका बाजूला थोडंसं कललं. तशा त्या दिवसांत काका कोपऱ्यावरच्या कोंबिनीत गेले. चोवीस तास उघडं असणारं ते दुकान जवळजवळ रिकामं होतं. एका फळीवर भाताचे गोळे उरलेले, शेवाळ्यात गुंडाळलेले, आणि रांग दारापर्यंत. "कुणी पाटी लावली नव्हती, कुणी ओरडलं नाही," काका सांगायचे. "प्रत्येकाने एक-एकच घेतला. माझ्यामागे सोळा माणसं होती. सोळाव्यालाही मिळाला."

गोष्ट चांगली आहे. मी नाकारत नाही. पण एका भाताच्या गोळ्यावर माणसाने सात वर्षं काढायची म्हणजे काय? त्या दुकानात माल संपला होता म्हणून एक घ्यायचा. आमच्या कंपनीत काय संपलं होतं? त्या संघाच्या मालकांकडे काय संपलं होतं?

त्या वसंतात सामने उशिरा सुरू झाले, वीज वाचवायला दिवसा खेळवले गेले. ऑफिसही आळीपाळीने बंद असायचं. काका एका दुपारी करमेना म्हणून मैदानावर गेले आणि आपला संघ नऊ-शून्य असा मार खात असताना शेवटच्या बॅटरसाठीही अख्खा स्टँड उभा राहून त्याच्या नावाचं गाणं म्हणतोय, हे त्यांनी पाहिलं. तिथे हा माणूस संपला. त्याआधी बेसबॉलमध्ये किती जण खेळतात हेही त्यांना माहीत नव्हतं.

घर कललेलं ते कललेलंच राहिलं. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे पोहे खायला गेले तेव्हा काकांनी स्वयंपाकघरात जमिनीवर बेसबॉलचा चेंडू ठेवला. चेंडू जरा विचार करून निघाला, बाहेरची खोली ओलांडली आणि बाल्कनीच्या दाराला जाऊन टेकला. काका खूश. फ्रिजखाली पुठ्ठ्याची घडी होती, गॅसवर तव्यात तेल एका बाजूला साचायचं, म्हणून ते डोसा त्याच बाजूला घालायचे.

"घरमालकांना सांगितलंत का?"

"त्यांचंही घर कललंय गं खाली. आमच्याहून अर्धा अंश जास्त."

"मोजलंत?"

"चेंडू लवकर पोचतो त्यांच्याकडे."

त्याच दिवशी काकूंचा व्हिडिओ कॉल आला. मला बघून त्या म्हणाल्या, "तूच का ती पत्रकं काढणारी? अगं, यांना जरा शिकव. इथे असताना याच माणसाने सोसायटीच्या तीन सेक्रेटऱ्यांचे राजीनामे घेतलेत. पाण्याच्या टाकीवर चढून भाषण केलंय यांनी. तिथे जाऊन कुणी यांना धुऊन वाळत घातलं कोण जाणे."

काका कॅमेऱ्याबाहेर सरकून पोह्यांवर लिंबू पिळत राहिले.

या माणसाचं एक देवदर्शन मी पाहिलंय. जपानी लोक नव्या वर्षाला देवळात जातात. तिथे लाकडाची छोटी पाटी मिळते, तिच्यावर आपलं मागणं लिहून टांगायचं. आजूबाजूला कुणी मुलाचा कॉलेजप्रवेश मागितलेला, कुणी लग्न, आणि बेसबॉलवाल्यांनी अर्थातच अजिंक्यपद. काकांनी नीट बसून, सुरेख जपानी अक्षरात लिहिलं: यंदा आमच्या संघाला पाचवा नंबर मिळावा. मग थोडा विचार करून खाली बारीक अक्षरात: फार अडचण असेल तर राहू द्यावं.

"काका, देवाकडे मागताय. त्याच्या पदरचं काय जातंय?"

"तसं नाही. सहाही संघांची माणसं इथे येतात. सगळे पहिला नंबर मागतात. पाचवा कुणीच मागत नाही. तिथे आपली शक्यता जास्त."

मला हसू आलं आणि हसल्याचा रागही आला. कारण हिशोब बरोबर होता.

आता त्या हिवाळ्याकडे येते. भूकंपाला सात वर्षं उलटून गेली होती. संघ सहावा आलेला. ऑक्टोबरात सामने संपले की मार्चपर्यंत जपानमध्ये बेसबॉल नसतो, असतात ती खेळाडूंची अदलाबदल आणि तिच्यावरच्या गप्पा. लोक शेगडीभोवती बसून बोलतात म्हणून या काळाला इथे स्टोव्ह लीग म्हणतात. काकांचा चाहतेगट उरायासुच्या स्टेशनमागे एका खानावळीत जमायचा. तिथे खरोखरच रॉकेलचा स्टोव्ह होता. गटात सात-आठ माणसं, पण बोलणारी दोनच. एक लाँड्री चालवणाऱ्या आजी, सत्तरीच्या, ज्यांच्या वहीत गेल्या तीस वर्षांचा प्रत्येक सामना होता. आणि एक निवृत्त बस ड्रायव्हर, जे सिग्नल बदलायची वाट बघितल्यासारखे थांबून मग बोलायचे.

दर नोव्हेंबरला हा गट संघाच्या ऑफिसला एक पत्र लिहायचा. प्रत्येकाने आपली एक इच्छा सांगायची, सगळ्यांच्या इच्छा एका पत्रात घालायच्या. आणि ते पत्र लिहायचं काम काकांकडे. डोंबिवलीच्या माणसाकडे. कारण काकांचं जपानी इतकं नम्र होतं की खुद्द जपान्यांना त्याच्यापुढे आपण उर्मट आहोत असं वाटायचं.

त्या वर्षी मी मुद्दाम गेले. बरोबर माझा स्वतःचा मसुदा नेला होता, संघटनेतल्या मैत्रिणीकडून जपानी करून घेतलेला. पहिलं वाक्य होतं: सहावा क्रमांक हा अपघात नाही, ते मालकांचं धोरण आहे. पुढे मागण्या. मोठा बॅटर आणा, प्रशिक्षक बदला, चांगले खेळाडू विकणं बंद करा, चाहत्यांना भेटा आणि तोंडावर उत्तर द्या.

मी उभी राहून वाचलं. मग टाळ्या. आजी डोळे पुसत होत्या. ड्रायव्हर आजोबा सिग्नल पडेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "फार सुंदर. हे आपण पुढच्या वर्षी नक्की पाठवू."

मग काकांनी पेन्सिल काढली.

आजोबांची इच्छा होती, होम रन मारणारा बॅटर हवा. काका म्हणाले, "होम रन लिहिलं तर त्यांच्यावर दडपण येईल. 'अधूनमधून लांब मारणारा' लिहूया?" आजोबांना पटलं. थोडं थांबून आजोबाच म्हणाले, "लांब मारायची इच्छा असलेला, असं चालेल." काकांनी आनंदाने ते लिहिलं. आजी म्हणाल्या, प्रशिक्षक बदला, या माणसाने माझी तीन वर्षांची वही काळी केलीय. काका विचारात पडले. मग त्यांनी लिहिलं: प्रशिक्षकांनी प्रकृतीची काळजी घ्यावी.

"ते समजतील," काका म्हणाले.

"समजतील," आजी म्हणाल्या.

"कोण काय समजेल?" मी विचारलं. आजींनी माझ्यापुढे गरम चहा सरकवला, म्हणजे बस खाली.

शेवटी काकांची स्वतःची इच्छा. दर वर्षी तीच. एक डावरा पिचर, म्हणजे डाव्या हाताने चेंडू टाकणारा, मिळावा. वय झालेलं चालेल. दुसऱ्या संघाने काढून टाकलेला चालेल. आठव्या डावात एकाच बॅटरपुरता आला तरी चालेल.

पत्राचं उत्तर दर वर्षी यायचं: छापील पोस्टकार्ड, आपल्या सूचनांचा आदरपूर्वक विचार केला जाईल. काकांनी ती सगळी कार्डं प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावलेली होती. मी म्हटलं, काका, सगळ्यांवर एकच मजकूर आहे. ते म्हणाले, "नाही. या वर्षी 'मनःपूर्वक' जास्त आहे."

हे मी नुसतं हसून सोडलं असतं. बेसबॉल आहे, हरले काय, जिंकले काय. पण त्याच हिवाळ्यात काकांच्या टेबलाच्या खणात दुसरा एक कागद पडून होता, आणि तो मी दिलेला होता.

कायदा नवा होता. एकाच कंपनीत वर्षावर वर्ष करार करत तुम्ही पाच वर्षं ओलांडलीत, तर मुदत नसलेला करार मागायचा तुम्हाला हक्क. मागितला की कंपनीला नाही म्हणता येत नाही. फक्त मागायचा तुम्ही, आणि चालू करार संपायच्या आत, लेखी. कंपनी आपण होऊन विचारणार नाही. आमच्या ऑफिसात तेव्हा ही अट एकट्या काकांची पुरी झाली होती. संघटनेने एका पानाचा फॉर्म केला होता: नाव, तारीख आणि जपानी पद्धतीप्रमाणे सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का. मुदत एकतीस मार्च. मी तो काकांच्या हातात दिला त्या संध्याकाळी काकूंना फोन करून सांगितलं.

काकू म्हणाल्या, "कायम झाले तर मी येते. मुलगी आता मोठी झालीय, हॉस्टेलला आहे. पण दर मार्चला बॅग तयार ठेवून मी तिथे संसार नाही मांडणार. एकदा भरलीय बॅग, अर्ध्या तासात. पुन्हा नाही."

म्हणजे गोष्ट एवढी सरळ होती. एक शिक्का, आणि बायको घरी. सात वर्षं कललेल्या घरात एकट्याने डोसे घालणाऱ्या माणसाला आणखी काय सांगायचं?

डिसेंबरात मी विचारलं, "दिलात?"

"आत्ता त्यांचं पुढच्या वर्षाचं बजेट चाललंय. आत्ता मागणं बरं दिसत नाही."

जानेवारीत विचारलं. "नवीन वर्ष आत्ताच लागलंय गं. पहिल्याच महिन्यात तोंड वर करून काय जायचं?"

त्याच जानेवारीत आमच्या संघाने एक पिचर घेतला. डावरा, सदतीस वर्षांचा, दुसऱ्या संघाने काढून टाकलेला. बातमी पेपरात दोन ओळींची. काका ते पान घेऊन माझ्या टेबलापाशी आले. या माणसाला मी ऑफिसात पहिल्यांदाच झपझप चालताना पाहिलं.

"बघ. पत्र वाचलं त्यांनी."

"काका, तो फुकटात मिळत होता म्हणून घेतला."

"मिळाला ना पण? मागितलं की मिळतं."

"मग फॉर्म द्या."

"देतो. फेब्रुवारीत संघांची सराव शिबिरं सुरू होतात. नवा माणूस कसा आहे ते संघसुद्धा आधी शिबिरात बघतात."

"तुम्ही नवे आहात? अकरावं वर्ष आहे तुमचं इथे."

ते हसले आणि खुर्चीत बसले. साडेअकरा वाजले होते, हनुवटीपर्यंत गेले.

फेब्रुवारीच्या मध्यावर आमच्या विभागप्रमुखांनी त्यांना छोट्या मीटिंगरूममध्ये बोलावलं. वीस मिनिटांनी काका बाहेर आले, खालच्या मशीनमधून कॉफीचे दोन गरम कॅन घेऊन आले, त्यातला एक पुन्हा आत नेऊन दिला. मग माझ्यापाशी आले.

"पुढचा करार नाही करत म्हणाले. प्रोजेक्ट लहान होतोय."

"आणि कॉफी कुणाला दिलीत?"

"त्यांनाच. फार वाईट वाटत होतं त्यांना, घाम आला होता. दोनदा कमरेतून वाकले. मीच म्हटलं, हरकत नाही, मनाला लावून घेऊ नका."

मी तेव्हा ऑफिसात पहिल्यांदा मोठ्या आवाजात मराठी बोलले. "काका, अजून दीड महिना आहे. आज शिक्का मारा, आज द्या. करार चालू असेपर्यंत मागितलं की कायदा तुमच्या बाजूला आहे. ते नाही म्हणूच शकत नाहीत. मी येते बरोबर. संघटनेचा माणूस येईल. काकूंचं तरी बघा."

"आत्ता दिला तर असं दिसेल की मी त्यांच्या बोलण्यावर उलटलो."

"उलटाच."

"अगं, त्यांना मी हरकत नाही म्हणून बसलोय."

हे त्यांचं कारण. लिहून घेतलंय मी. नोकरी, बायको, अकरा वर्षं, सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला, एका घाम आलेल्या साहेबाला दिलेलं 'हरकत नाही'.

पण काहीच मागितलं नाही असं म्हणू नका. काकांनी मागितलं. मार्चअखेरीला मोसमाचा पहिला सामना होता, शुक्रवारी. त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. लगेच मंजूर झाली. विभागप्रमुख म्हणाले, काका-सान, पूर्ण दिवस घ्या की. काका म्हणाले, नको, अर्धा पुरे.

त्या सामन्याला मी गेले. मी संघटनेची आहे, शेवटच्या क्षणापर्यंत माणूस सोडायचा नाही असं आम्हाला शिकवलंय. फॉर्मची एक कोरी प्रत बॅगेत होती, शिक्क्याच्या शाईची डबीही होती. करार संपायला अजून दोन दिवस होते. आजी वही उघडून बसलेल्या, ड्रायव्हर आजोबांनी ब्लँकेट आणलेलं. आम्ही सात-एकने मागे होतो. आठव्या डावात समोरचा डावरा बॅटर आला आणि लाउडस्पीकरवर त्या सदतीस वर्षांच्या पिचरचं नाव पुकारलं गेलं. काका उभे राहिले. त्याने चार चेंडू टाकले, चारही बाहेर. बॅटर फुकटात पहिल्या बेसला चालत गेला. प्रशिक्षक आले, चेंडू काढून घेतला, पिचर मान खाली घालून परत निघाला. एकूण दोन मिनिटं.

काका टाळ्या वाजवत होते. हात लाल होईपर्यंत.

"आला ना," मला म्हणाले. "एकाच बॅटरपुरता आला तरी चालेल, असंच लिहिलं होतं आपण."

आजींनी वहीत चार टिंबं काढली.

मी बॅगेतून फॉर्म काढला. काकांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि आपल्या कोटाच्या खिशातून स्वतःचा काढला. चार घड्या घातलेला, तोच, मी दिलेला. मला क्षणभर वाटलं, झालं. उलगडून पाहिला. नावाच्या जागी नाव होतं. तारीख कोरी, शिक्क्याची जागा कोरी. नाव पेन्सिलने लिहिलेलं.

"तू ठेव," काका म्हणाले. "दुसऱ्या कुणाला लागेल. खोडून वापरता यावा म्हणून पेन्सिलने लिहिलं."

"कधी लिहिलंत हे?"

"तू दिलास त्याच दिवशी."

म्हणजे नोव्हेंबरात. म्हणजे बजेट, नवीन वर्ष, शिबिरं, सगळं नंतर. पहिल्या दिवसापासून हा माणूस खोडायच्या तयारीत होता. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. काका माझ्या वडिलांच्या वयाचे होते आणि मी बोलायला नको होतं तसं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं." तेवढ्यात नववा डाव सुरू झाला आणि ते शेवटच्या बॅटरचं गाणं म्हणायला उभे राहिले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते डोंबिवलीला गेले. जाताना कचऱ्याचं वर्गीकरण इतकं चोख करून गेले की घरमालकांनी त्याचा फोटो काढून बाकीच्या भाडेकरूंना दाखवला. कललेलं घर तसंच आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला काकूंना फोन केला, तर म्हणाल्या, "इथे येऊन बसलेत. सोसायटीने पार्किंगची जागा काढून घेतली, तर म्हणतात, स्कूटर भिंतीला टेकवून उभी राहते की." मग म्हणाल्या, "मीच चढते आता टाकीवर."

त्याच नोव्हेंबरात शेजारच्या टीममधल्या नागपूरच्या मुलीची पाच वर्षं भरली. ती माझ्याकडे आली. संघटनेचे फॉर्म संपले होते, छापायला वेळ होता, आणि मला तर धीर नावाची गोष्ट नाहीच. मी खणातून तो घड्यांचा कागद काढला. खोडरबर घेतलं. अक्षर सुरेख होतं, दाबून लिहिलेलं नव्हतं, एका फटक्यात साफ झालं. त्या जागी तिच्याकडून शाईने नाव लिहून घेतलं, समोर उभी राहून शिक्का मारून घेतला, आणि त्याच दुपारी दोघींनी जाऊन विभागप्रमुखांच्या हातात दिला. त्यांना घाम आला. आम्ही कॉफी दिली नाही. तीन आठवड्यांनी तिचा मुदत नसलेला करार झाला.

मी काकांना मुद्दाम कळवलं. टोचावं म्हणूनच कळवलं. तुमच्याच कागदावर झालं, काका, तुमचं नाव खोडून.

पाच मिनिटांत उत्तर आलं: "अरे वा. म्हणजे यंदा आपला पाचवा नंबर आला."

संघ तेव्हा नुकताच सहावा आला होता. ते त्यांना ठाऊक होतं.